कापसाखाली गेलेली वाट

आमचं घर चालतं होतं, असं मी सांगितलं की माझी नात इंदू लेखणी उचलून धरते आणि म्हणते, "आजी, घर कसं चालेल? माणसं चालतात." रोजचं आहे हे. मी सांगते, ती लिहिते, आणि लिहिता लिहिता मला सुधारते. अमरावतीच्या शाळेत शिकून आली आहे, त्यामुळे माझं वऱ्हाडी बोलणं तिला कागदावर चालत नाही. भाषा सुधार बाई, हवी तेवढी सुधार. पण जे होतं ते होतं. आम्ही गवळी. दिवाळीनंतर उन्हाळा सरेपर्यंत पूर्णेच्या काठी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, कुडाच्या झोपड्यांत राहायचं, आणि मिरगाच्या आधी सगळं उचलून मेळघाटात, धारणीच्या पलीकडच्या रानात जायचं. पावसात काळ्या जमिनीचा चिखल गुरांच्या खुरांत बसतो, खूर सडतात, आणि चहूकडे पेरलेलं असल्यामुळे गुराने तोंड घालावं तरी कुठे हा प्रश्न पडतो. म्हणून वर जायचं. वरचं गवत वाळलं की खाली यायचं. माझ्या आजाचा आजाही असाच गेला-आला होता, आणि तुझं घर नक्की कुठलं असं त्याला कुणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

ज्या रस्त्याने आम्ही जायचो त्याला आमच्यात नुसतं 'वाट' म्हणत. निराळं नाव लागत नव्हतं, कारण दुसरी वाट आम्हाला माहीतच नव्हती. चांगली ऐसपैस होती. शंभरावर गुरं आडवी पसरून, चरत चरत, कुणाच्या बांधाला शिंग न लावता जायची. सगळ्यांत पुढे कपिली. तिच्या गळ्यात लाकडी घंटा होती, आणि तिचा टक टक आवाज सुरू असला की मागच्यांनी वर बघायचं कारण नव्हतं. कपिलीच्या मागे गुरं, गुरांच्या मागे माझे बाबा, त्यांच्या मागे काकांची बिऱ्हाडं, आणि सगळ्यांत शेवटी डोक्यावर ताकाचा डेरा घेतलेली माझी माय. ती शेवटी असायची कारण जो कोणी मागे राही त्याला ती बोलून बोलून पुढे ढकलायची. बाबा माणसांशी फार बोलत नसत. गाईंशी मात्र दिवसभर चालायचं त्यांचं. मायचं म्हणणं असं की गाई उलट उत्तर देत नाहीत म्हणून त्यांना त्यांची संगत आवडते.

मुक्कामाला पोचलो की दगड मांडून चूल, आणि चुलीवर ताकातल्या कण्या. जवारीच्या कण्या ताकात शिजवायच्या, मिठाशिवाय काही घालायचं नाही, वर कांदा फोडून घ्यायचा. मागच्या थंडीत मला त्यांची फार आठवण झाली म्हणून सुनेला करायला सांगितल्या, तर तिने त्यांत साखर आणि वेलदोडा घातला. वर विचारते, सासूबाई, आवडल्या का. मी काय बोलणार? खाल्ल्या मुकाट्याने. पण कण्या म्हणजे कण्या असतात, त्यांची खीर करायची नसते, आणि हे इंदूने लिहून ठेवावं असं मी तिला मुद्दाम सांगितलं आहे.

अकोटच्या पुढे, डोंगराची निळी रेघ दिसायला लागली की पिंपळखेड येई. तिथे वाटेच्या अगदी मधोमध एक कडुनिंब आणि त्याच्याखाली शेंदूर फासलेला धोंडा. आमचा मोठा मुक्काम तोच. तिथले पाटील आणि आमची घरं यांचं जुनं नातं होतं, नात्यागोत्याचं नव्हे, शेणाचं. संध्याकाळी गुरं त्यांच्या मोकळ्या वावरात बसवायची, सकाळी उठवायची. गुरांनी जे टाकलं ते वावराचं, आणि त्याबद्दल पाटलांकडून आम्हाला जवारी. याला गुरं बसवणं म्हणत. शिवाय एक रीत होती. पाटलीणबाई स्वतः सरकीची टोपली घेऊन धोंड्यापाशी यायच्या आणि ती पुढच्या गाईला चारायच्या. कपिलीच्या आधी ती टोपली कपिलीच्या आईने खाल्ली होती. त्यामुळे कपिली पिंपळखेडच्या शिवारात शिरली की इकडे तिकडे न बघता सरळ धोंड्यापाशी जाऊन उभी राही, आणि टोपलीचा तळ चाटून होईपर्यंत काठीलाही हलत नसे. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांचं मिळून जेवण. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, आमचं तूप, त्यांची वांग्याची भाजी. ती इतकी जहाल असायची की खाणाऱ्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं आणि तरी जो तो आणखी वाढा म्हणायचा.

मग ते कापसाचं वेड आलं. समुद्रापलीकडे कुठेतरी भाऊबंदांत लढाई लागली होती म्हणे, आणि त्यांच्या भांडणापायी आमच्याकडच्या कापसाला एकदम भाव चढला. त्या देशाचं नाव इंदूला माहीत आहे. तिने मला ते सांगितलंही, पण मी लिहू दिलं नाही. ज्यांनी आमचं नाव कधी ऐकलं नाही त्यांचं नाव मी का घालू? माणसं पार बदलली. पहाटेपासून कापसाच्या बैलबंड्यांची करकर सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकून राहिलेले असत. पिंपळखेडच्या पाटलांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या आणि आल्यागेल्याला गोठ्यात नेऊन दाखवल्या. जवारी पेरायला कुणी तयार नव्हतं. आता खाणार काय, असं मायने एकदा पाटलीणबाईंना विचारलं, तर त्या हसल्या.

त्या उन्हाळ्यात वर जाताना आम्ही पिंपळखेडला पोचलो, तर पाटील आमची वाट बघत धोंड्यापाशीच बसलेले. बाबांना त्यांनी जवळ बसवून घेतलं, पान दिलं, आणि म्हणाले, "राघो, औंदा वावरात नोको बसवू. वावराले म्या गाड्याइनं खत टाकलं. तू आपला वाटेवरच बसव. दाने मीच देईन." शिवाय, घाई करू नको, जरा जास्तच राहा, असंही म्हणाले. बाबा खूष. इतकी वर्षं आपण यांच्या दारी येतो, त्याचा मान ठेवला, असं त्यांना वाटलं. मायला मात्र ते ऐकल्यापासून चैन नव्हतं. वाटेवर बसायचे दाणे कोण कशाला देईल, याच्या मनात काहीतरी आहे, असं ती भाकरी थापता थापता बडबडत होती. बाबा शेवटी म्हणाले, "तुले सगयाइच्याच मनात काईतरी दिसते."

तर बाबांनी गुरं वाटेवर बसवली. नुसती बसवली नाहीत, त्यांच्या स्वभावाप्रमाणे नीट बसवली. एका संध्याकाळी धोंड्यापासून इतकं, दुसऱ्या संध्याकाळी त्याच्या पुढे तितकं, असं करत करत पार ओढ्यापर्यंत, मधे हातभर जागासुद्धा कोरडी राहू नये अशा बेताने. पाटील रोज येऊन बघत आणि मान डोलवत. मला आजही हे आठवलं की हातातलं भांडं आपटावंसं वाटतं. शंभर गुरांचं शेण आणि मूत, आणि आधीच्या किती पिढ्यांचं त्या मातीत जिरलेलं, आणि त्यावर हा ताजा थर. आणि तो घालणारा माझा बाप, जगातला सगळ्यांत सरळ माणूस. सरळ माणसांचा मला फार राग येतो. त्यांना फसवणाराला मग काही कष्टच पडत नाहीत.

दिवाळी झाली, आम्ही उतरलो. घाट संपला, सपाटी लागली, कपिलीने सवयीप्रमाणे पाय उचलला. आणि पिंपळखेडच्या ओढ्यापाशी घंटेचा आवाज थांबला. आम्ही मागून पुढे गेलो तर समोर पऱ्हाटी. वाट ओढ्यात उतरायची आणि पलीकडे चढायची तिथून सुरू होऊन, नजर पोचेल तिथवर, दोन्ही धुऱ्यांच्या, म्हणजे बांधांच्या, मधे, माझ्या डोक्याच्या वर गेलेली आणि पांढरीशुभ्र फुटलेली. बाजूच्या वावरांत कापूस होता, पण कमरेएवढा. लांब मधोमध कडुनिंबाचा शेंडा दिसत होता. गुरं मागून येऊन एकमेकांवर रेटायला लागली आणि हंबरायला लागली. माझ्या धाकट्या भावाला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच गावाला आलो, आणि तो रडायला लागला.

पाटील आले. लाजलेबिजलेले नव्हते, ख्यालीखुशाली विचारली त्यांनी. मग सांगितलं, "मोजनीवाले आले, साखयी टाकली, इचारलं ही पडीत कोनाची. कोनीच बोललं नाई. मंग म्या म्हनलं, माही."

बाबा म्हणाले, "पडीत नाई ते पाटील. वाट हाय."

"वर्सातून दोन डाव पाय लागते तिले. बाकीचं वर्स कोन असते तिच्यावर?"

बाबा म्हणाले, "शेन त आमचंच हाय ना तिच्यात."

"म्हून त एवढी आली," पाटील म्हणाले, आणि तेही अगदी कौतुकाने.

बंड्यांच्या सडकेने वळसा घालून जा, असा त्यांचा सल्ला होता. बंड्यांच्या त्या गर्दीत शंभर गुरं आणि दुधावरची वासरं घालायची म्हणजे काय, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. नाहीतर मग वेचण्या उरकेपर्यंत इथेच थांबा, म्हणाले. थांबून खायचं काय? मागे डोंगरात वाळलेलं गवत संपत आलेलं, पुढे पूर्णेकाठी हिरवं, आणि मधे ही पऱ्हाटी. गुरं तिथे राहिली असती तर हाडं उरली असती, आणि बुजून कापसात शिरली असती तर कोंडवाड्यात गेली असती. बाबा ओढ्याच्या कडेला हातातली काठी आडवी टाकून बसले. बोलेनात, जेवेनात. एरवी गाईंशी तरी बोलायचे, तेही बंद. काका म्हणायला लागले, गुरं विकून टाकू, बंड्या हाकू, सगळे तेच करताहेत. बाबा ना हो म्हणत ना नाही. मला त्यांची कीव येत होती आणि संताप त्याहून जास्त येत होता. माणसाने अशा वेळी निदान शिवी तरी द्यावी.

बोलली ती माय. पदर खोचून ती सरळ पाटलांच्या अंगणात गेली, मला हाताशी धरून. त्या वर्षी कापूस इतका पिकला होता की वेचायला बाया मिळत नव्हत्या. गावोगावचे पाटील एकमेकांच्या बाया पळवत होते, हे तिने येता येता ऐकून ठेवलं होतं. ती म्हणाली, "वेचाले बाया नाई भेटून राहिल्या ना तुमाले? आमी वेचून देतो. वेचलेल्या तासाइतून गुरं काढतो. मंग तुमी अन् तुमची पऱ्हाटी."

पाटलांनी खूप वेळ हिशेबी तोंड केलं. न उमललेली बोंडं तुडवली जातील म्हणाले, झाडं मोडतील म्हणाले. शेवटी, दोन बंड्या जातील एवढी पट्टी, आणि सगळ्या गुरांच्या तोंडाला मुसकी, असं ठरलं. मुसकं म्हणजे दोराची जाळी. मळणीत बैलाने धान्य खाऊ नये म्हणून तोंडाला बांधतात ती. शेतकऱ्याला त्यात काही वाटत नाही. पण गवळ्याने आपल्या गाईला, तेही तिच्या वाटेवर, मुसकं बांधायचं! मायने हे येऊन सांगितलं तेव्हा बाबांनी तिच्याकडे असं बघितलं की ती पुढचं वाक्य विसरली. मग ते उठले, पळसाची मुळं खणून आणली, ठेचून त्यांचा वाख काढला आणि मुसकी विणायला बसले.

आम्ही बायका आणि पोरं वेचायला लागलो. आपल्याच वाटेवर ओटी बांधून, आपल्याच शेणावर वाढलेला कापूस वेचून दुसऱ्याच्या घरी पोचवायचा. वाळलेल्या बोंडांची टोकं नखांत शिरून बोटं सुजली. पाटलीणबाई मधून मधून येत, मायशी बोलायला बघत, आणि माय त्यांना कापसाचं गाठोडं उचलून देई, बोलत नसे. एकदा त्या मला हळूच म्हणाल्या की धोंडा हलवू नका असं मी मालकांना निक्षून सांगितलं होतं, तो तसाच ठेवलाय, शेंदूरही लावते. त्यांना वाटलं मला बरं वाटेल.

पट्टी वेचून झाली. सकाळी एकेका गाईला मुसकं बांधलं आणि गुरं एकामागे एक आत घेतली. आडवी पसरून चालणारी गुरं, रांगेत कशी चालायची ते त्यांना ठाऊकच नव्हतं. दोन्ही बाजूंनी फांद्या अंगाला घासत होत्या, वासरं आयांच्या पोटाखाली शिरत होती. कपिली मात्र नेटाने निघाली, टक टक टक, आणि धोंड्यापाशी येऊन उभी राहिली. तिच्या दृष्टीने तिथे थांबायचं होतं. मागची रांग थांबली. आणि तेवढ्यात पलीकडून पाटलीणबाई आल्या, हातात सरकीची टोपली. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप निघाले असणार. टोपली त्यांनी कपिलीपुढे धरली. कपिलीने तोंड पुढे केलं, मुसकं टोपलीच्या काठावर आपटलं. तिने पुन्हा केलं, पुन्हा आपटलं. पाटीलही होते तिथे, ते दुसरीकडे बघायला लागले.

बाबा मागून रांगेच्या कडेकडेने पुढे आले. त्यांनी कपिलीचं मुसकं सोडलं. ती सरकी खाऊ लागली, तिच्या रीतीने, सावकाश, नाकाने फुंकर मारत, मधून मधून मान वर करून आमच्याकडे बघत. टोपलीचा तळ चाटून होईपर्यंत बाबा तिच्या मानेवर हात ठेवून उभे होते. मला वाटलं, आता मुसकं फेकून देतील. फेकायलाच हवं होतं. सगळी मुसकी सोडावीत आणि त्या पऱ्हाटीचा चेंदामेंदा होऊ द्यावा, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. बाबांनी कपिलीचं तोंड पुसलं, आणि मुसकं परत बांधलं. गाठ नीट बसली का ते बोट घालून पाहिलं. मग "चाल माय," म्हणाले, आणि कपिली चालली.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही वर गेलो ते गेलोच. बाबांनी गुरं पुन्हा खाली आणली नाहीत. धारणीकडे कोरकूंच्या गावाजवळ भिंतींचं घर बांधलं, इंदूला आवडेल असं. थंडीत गवत पुरत नसे, गुरं दर वर्षी थोडी थोडी कमी होत गेली. कपिली तिथेच म्हातारी झाली. दिवाळी झाली की ती दक्षिणेकडे तोंड करून उभी राही आणि बाबा तिला बांधून घालत. माझं लग्न अकोटला झालं तेव्हा मी बंडीत बसून सडकेने खाली आले. सडकेच्या खाचखळग्यांनी अंग खिळखिळं झालं, आणि मी रडत होते ते त्यामुळेच, असं मी बरोबरच्या बायकांना सांगितलं.

इतकी वर्षं मी पोरांना ही वाट सांगते आहे, आणि इतकी वर्षं ती मला सांगताहेत की आजी, अशी काही वाट नव्हती, नकाशात नाही. मुलगा म्हणतो नाही, जावई म्हणतो नाही. शेवटी गेल्या दिवाळीनंतर मी इंदूला बरोबर घेतलं आणि म्हटलं, चल, पायी दाखवते. पिंपळखेडपर्यंत काही दिसेना आणि ती मला सावलीत बसा, पाणी प्या, असं करत होती, माझं डोकं फिरल्यासारखं. मग शिवारात शिरलो आणि मी थांबले. सगळीकडे पऱ्हाटी कमरेएवढी, आणि मधून एक पट्टी डोक्याएवढी. धुऱ्याच्या अलीकडेही, पलीकडेही, एका वावरातून दुसऱ्यात, सरळ डोंगराकडे गेलेली. मी बोट दाखवलं. इंदू पहिल्यांदाच गप्प झाली.

एक तरुण शेतकरी कापूस वेचून घेत होता. पाटलांचा पणतू निघाला. या पट्टीत पीक असं का येतं, विचारलं, तर म्हणाला पहिल्यापासूनच असं आहे, जमिनीचा गुण. मी त्या उंच पऱ्हाटीत शिरले तसा तो मागून आला. "आजी, धुऱ्यानं जा. इकडून वाट नाई." मी ऐकलं नाही. आत कडुनिंब नव्हता, धोंडा होता. शेंदूर ताजा होता, आणि त्याच्यापुढे टोपली, सरकीने भरलेली. हे कशाला, मी विचारलं. तो म्हणाला, "देवाले लागते. आमच्या घरची रीत हाय, कापूस फुटला का ठेवतो."

"देव सरकी खाते काय रे?"

तो ओशाळला. उंदीर-पाखरं खात असतील म्हणाला, त्याने कधी विचारलं नव्हतं. इतका भला दिसत होता की मला आणखीच चीड आली. कोण खायचं ते मी त्याला सांगितलं. कपिलीचं सांगितलं, शेणाचं सांगितलं, मुसक्याचं सांगितलं. इंदू माझ्या लुगड्याचा पदर ओढत होती, पुरे आजी, पुरे, म्हणत होती. तो पोरगा टोपलीकडे बघत ऐकत राहिला आणि मग पुन्हा अदबीने म्हणाला की ते असेल, पण आता धुऱ्यानं जा, झाडं मोडतात. इंदू धुऱ्याने गेली. मी डोंगराकडे तोंड केलं आणि पट्टीतूनच निघाले. फांद्या लुगड्याला अडकत होत्या, बोंडं हाताला बोचत होती, आणि माझं बोलणं पार ओढ्यापर्यंत चालू होतं, मोठमोठ्याने, कारण मला कुणी मुसकं बांधलेलं नव्हतं.